चार बोटं उंच बसवलेलं झाकण

ती नाकाबंदी आजही आठवते, आणि आठवली की सेवानिवृत्तीची खुर्ची टोचायला लागते. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण अंगात जेवढं वारं एका लाकडी बैलाने भरलं तेवढं दुसऱ्या कशानेच भरलं नाही. हसू नका. ज्याने वर्धा जिल्ह्यात पोळ्याच्या तोंडावर ठाणं सांभाळलंय, तो हसणार नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे पोरांचा तान्हा पोळा भरतो. लाकडी बैल सजवून पोरं दोरीने ओढत आणतात. सेलू तालुक्यातल्या एका गावात अख्ख्या गावाचा मिळून एक मोठा सागवानी बैल होता. सहसा हे बैल उभे असतात. हा पाय दुमडून बसलेला, एकाच ओंडक्यातून शिंगांसकट कोरलेला आणि चाकांच्या पाटावर ठेवलेला. सगळ्यात पुढे तो निघायचा, मग बाकीचे. दरवर्षी पोळ्याआधी तो गावातल्या पेंटरकडे रंगायला जाई, आणि त्या वर्षी तो पेंटरच्या टिनाच्या शेडमधूनच नाहीसा झाला. कुलूप तुटलेलं होतं, चाकांचा पाट जागेवर होता आणि बैल नव्हता. चौकात एक कॅमेरा होता, पण त्याचं तोंड वानरांनी आभाळाकडे फिरवून ठेवलं होतं.

उत्सव समितीचे अध्यक्ष गुन्हा नोंदवायला आले तेच आरोपी ठरवून आले. कुलूप पेंटरनेच तोडलं असणार, बैल त्यानेच विकला असणार, त्याला आत टाका, असा त्यांचा धोशा. पेंटर हा दुकानांच्या पाट्या आणि शाळेच्या भिंती रंगवणारा साधा गृहस्थ. मी त्याचा जबाब घेतला आणि दिवसभर उलटसुलट विचारलं. चोरी केलेला माणूस दाराकडे पाहतो, नाहीतर माझ्या हाताकडे. हा पेंटर मात्र एकच गोष्ट धरून बसला होता. शिंगांना त्याने त्याच संध्याकाळी लाल ऑइलपेंट दिला होता, पावसाळी हवेत तो वाळला नसणार, चोराने कुठे घासला तर रंग बिघडणार. विकलेल्या बैलाच्या रंगाची कोणी अशी काळजी करत नाही, हे मला कळत होतं. पण असल्या कळण्यावर कोर्ट चालत नाही.

संध्याकाळी मी त्याला घरी सोडलं, तर अध्यक्ष माझ्यावरच नाराज. दोन दिवसांत गावाने पेंटरचं काम बंद केलं. शाळेने अर्धी रंगवलेली भिंत तशीच ठेवायला सांगितली. त्याची बायको ठाण्यात आली, माझ्यासमोर उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली, "साहेब, पोळ्याच्या आत बैल नाई सापडला तर आमाले हे गाव सोडाच लागन. लेकराले शाळेत चोराचा पोरगा म्हणून राह्यले." रडली असती तर समजूत घालता आली असती. ती रडली नाही.

मग आला फोन. नागपूर रस्त्यावर पंक्चर काढणारा आमचा एक जुना खबऱ्या होता. आमचा जिल्हा दारूबंदीचा, त्यामुळे खबऱ्याचा फोन म्हटला की दारूच, असं समीकरणच होतं. तो म्हणाला, एका खटारा पिकअपवर नवंकोरं काळं झाकण बसवलंय, कुलूपवालं, आणि गाडी आज दुपारून वर्ध्याकडे येणार आहे. शहरातल्या हौशी लोकांच्या गाड्यांवर तसलं झाकण मी पाहिलं होतं. कडक असतं, घड्या पडतात, मागच्या हौद्यावर पाटासारखं सपाट बसतं. पण आमच्या भागात पिकअप म्हटली की ताडपत्री आणि दोरी. ज्याच्या टायरवर नक्षी उरलेली नाही, त्याला झाकणाची हौस कशाला? मी लगेच नाकाबंदी लावली. बॅरिकेड आडवे टाकले, एक हवालदार, एक महिला शिपाई आणि मी. पेट्या किती निघतील यावर हवालदाराचे अंदाजही सुरू झाले.

पिकअप आली. चालक तिशीतला, शर्टाला इस्त्री केलेला. हात दाखवताच थांबला, चावी स्वतः पुढे केली. इतकी मदत करणारा माणूस मला नेहमीच खटकतो. मी कुलूप उघडलं, झाकणाची पहिली घडी उलटली, दुसरी उलटली. आत चार ओली पोती आणि थोडा कडबा. बाटली सोडा, बूचसुद्धा नाही. चालक गालात हसला. पाण्यापावसात माल भिजतो म्हणून झाकण बसवलं, असं त्याचं म्हणणं. हवालदाराचं तोंड उतरलं. माझंही उतरलं असणार.

मी जाऊ देण्याच्या बेतात होतो, तेवढ्यात महिला शिपाई म्हणाली, "सर, हे झाकण बसलंच नाई बरोबर. पाहा, मधातून हात जाते."

खरंच तिचा पंजा झाकण आणि कठडा यांच्यामधून आत गेला होता. दोन्ही बाजूंच्या कठड्यांवर लाकडाच्या जाड पट्ट्या ठेवून त्यांच्यावर झाकणाचे रूळ आवळले होते. झाकण चारी बाजूंनी चार बोटं उंच. पावसासाठी झाकण बसवणारा माणूस पावसालाच दार ठेवतो? मी झाकण पुन्हा उलटलं आणि या खेपेला खालची बाजू पाहिली. काळ्या पृष्ठभागावर लाल रंगाचे दोन ओरखडे होते, हातभर अंतराने, कुंकवाची दोन बोटं ओढावीत तसे.

तोपर्यंत माझं सगळं डोकं दारूत होतं, म्हणजे दारूच्या शोधात. त्या क्षणी पेंटरने सांगितलेल्या त्या ओल्या शिंगांची आठवण झाली. चालकाकडे पाहिलं, तर त्याचं हसू गेलं होतं.

झाकणावर वर्ध्यातल्या एका दुकानाचा स्टिकर होता. फिटरला फोन लावला, तर तो आधीच वैतागलेला. हे झाकण बसवायची रीत सरळ आहे: दोन्ही कठड्यांवर रूळ ठेवायचे, आतून क्लॅम्प आवळायचे, रबराची पट्टी दाबून बसली की थेंब आत जात नाही. तो म्हणाला, "मी त्याले दहादा सांगतलं, हे कठड्याले चिपकूनच बसते. तो आयकेचना. पट्ट्या घरूनच कापून आनल्या होत्या त्यानं. मंग म्या बी बसवून देल्लं, पण पानी आत आलं तर मले बोलजो नोको म्हणलं."

पट्ट्या घरून कापून आणल्या, म्हणजे माप आधीच घेतलेलं होतं. माप घेतलं म्हणजे बैल जवळून पाहिलेला होता.

ठाण्यात आणून चालकाला मी चहा दिला. माझी पद्धत अशी की ज्याची चौकशी आहे त्याचं नावच काढायचं नाही. बैलाबद्दल एक शब्द नाही, फक्त पट्ट्या. काऊन लावल्या? आधी म्हणाला, कापूस भरतो, पोती वर येतात. पोळ्याच्या दिवसांत कापूस? मग म्हणाला, पाइप नेतो. मग म्हणाला, फिटरनेच लावल्या. मी झाकण मागवलं, त्याच्यापुढे जमिनीवर उलटं ठेवलं आणि त्या दोन लाल ओरखड्यांवर बोट ठेवून विचारलं, "शिंगं कापली असती तर झाकण सपाट बसलं असतं. कोणाले कळलंही नसतं. काऊन नाई कापले?"

तो जवळजवळ रागानेच म्हणाला, "बैलाचे शिंग कापत असते का, साहेब?"

बोलला आणि मग त्याच्या लक्षात आलं. लिहून घेणाऱ्या महिला शिपायाचा पेन थांबला. मला टेबलावर हात आपटावासा वाटला, इतका आनंद झाला होता, पण मी चहाचा दुसरा कप त्याच्याकडे सरकवला.

मग सगळं बाहेर आलं. ते त्याच्या मामाचं गाव. लहानपणी दर तान्ह्या पोळ्याला तो तिथे यायचा, त्याच बैलाची दोरी ओढलेली. जुन्या वस्तू विकणाऱ्या एका दलालाने त्याला गाठलं. ताडपत्री टाकली तर आमच्याकडे कोणीही आकारावरून ओळखेल की आत नंदी आहे, म्हणून झाकणाची युक्ती. दलालाचं म्हणणं होतं की शिंगांना आरी लाव, नंतर चिकटवता येतील. "चोरी मले जमली साहेब. आरी नाई जमली," असं तो म्हणाला, आणि त्यात त्याला स्वतःचा बचाव वाटत होता. बैल तळेगाव श्यामजी पंतजवळच्या एका संत्र्याच्या बागेत, कडब्याखाली होता. आणि दलाल न्यायला येणार होता त्याच संध्याकाळी.

अशा वेळी ठाण्यात जी धावपळ होते तिची मजा बाहेरच्या माणसाला सांगून कळणार नाही. स्टेशन डायरीत नोंद, वरिष्ठांना फोन, तळेगावच्या ठाण्याला निरोप, दोन पंच जीपमध्ये, चालकाला मध्ये बसवलं आणि मागून हवालदार तीच पिकअप घेऊन. बैल आणायला गाडी लागणारच होती. आर्वीपर्यंत सुसाट गेलो. पुढे पोळ्याच्या आदल्या दिवशीचा बाजार रस्त्यावर पसरलेला. झुली, घुंगरं, बैलांच्या कपाळावर बांधायच्या मटाट्या, आणि रस्ताभर खरेखुरे बैल. सायरन वाजवला तर एका बैलाने मान वळवून जीपकडे पाहिलं आणि तिथेच उभा राहिला. मी खाली उतरून टोपी काखेत धरून बैल हाकले. लाकडी बैलासाठी हाडामांसाच्या बैलांना हाकणारा ठाणेदार बाजाराने त्या दिवशी पाहिला.

बागेत शिरलो तेव्हा दलालाची गाडी आधीच उभी होती. बैल कडब्यातून बाहेर काढलेला. गाडीच्या मागच्या दारात तो मावत नव्हता, शिंगं अडत होती, आणि दलालाच्या माणसाच्या हातात आरी होती. पातं शिंगाच्या मुळाशी टेकलेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मी जो ओरडलो, त्या आवाजाने त्याच्या हातातली आरी पडली आणि झाडावरचे बगळे उडाले. दलाल पळाला, पण चिखलात किती पळणार? बांधापर्यंत गेला आणि बसला. मी बैलापाशी गेलो. दोन्ही शिंगं शाबूत, फक्त टोकांचा लाल रंग घासलेला. तो ओरखड्यांशी जुळत होता. पंचनामा लिहिताना माझं अक्षर इतकं वाकडंतिकडं आलं की नंतर मलाच वाचताना त्रास झाला.

परत येताना पिकअपचं झाकण आम्ही जप्तीत बांधून ठेवलं होतं, त्यामुळे बैल उघड्या हौद्यात बसून आला. वाटेत गावोगावी लोक हात जोडत होते. हवालदार तर शेवटी हॉर्न वाजवत चालला होता. मी त्याला वाजवू दिला.

पण बैल आता मुद्देमाल होता. कोर्टाच्या हुकुमाशिवाय तो मालखान्यातून बाहेर जाऊ शकत नव्हता, आणि परवा तान्हा पोळा. पोळ्याच्या सुट्टीच्या दिवशी आरोपींना न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर हजर केलं तेव्हाच बैल गावाच्या ताब्यात देण्यासाठी सुपुर्दनाम्याचा अर्ज जोडला. न्यायाधीश साहेबांनी फोटो पाहिले, ओरखड्यांचे तपशील विचारले आणि अट घातली: निकाल लागेपर्यंत शिंगांना नवा रंग लावायचा नाही. अर्ज मंजूर झाला.

तान्ह्या पोळ्याच्या सकाळी बैल गावात पोचवला. सगळं गाव वेशीवर. चाकांच्या पाटावर बैल चढवला, ढोल वाजले, पोरं नाचायला लागली. पेंटर आणि त्याची बायको लांब शाळेच्या त्या अर्ध्या रंगवलेल्या भिंतीपाशी उभे होते. अध्यक्ष दोरी घेऊन पेंटरकडे गेले. "झालं ते इसरून जाय बापू. पहिली दोरी आज तू धर."

पेंटरने हात पुढे केला नाही. "बैल सापडला म्हणून मी चोर नाई, भाऊ. नसता सापडला तं?"

ढोल थांबले. अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. ते वयाने मोठे, बोलण्यात वस्ताद. मला वाटलं, आता काहीतरी गोड बोलून वेळ मारून नेतील. त्यांनी मान खाली घातली. "नसता सापडला तं मी मरेपर्यंत तुले चोरच म्हणलं असतं," ते म्हणाले.

पेंटरने बायकोकडे पाहिलं. तिने मानेनेच सांगितलं, आणि त्याने दोरी घेतली. मी टोपी सारखी केली.

या गुन्ह्याने मला तपासाबद्दल एक गोष्ट शिकवली. आम्ही माणूस काय करू शकतो हे शोधत राहतो. तो काय करू शकत नाही, हेही विचारून पाहावं. पण त्याहून मोठा धडा त्या शाळेच्या भिंतीपाशी मिळाला. त्यानंतर प्रत्येक गुन्ह्यात, खरा आरोपी सापडला की मी ज्याच्यावर आधी संशय होता त्याच्या घरी स्वतः जायचो. गणवेशात, दिवसाउजेडी, शेजारपाजारचे दारात असताना. अंगणात उभं राहून मोठ्याने सांगायचो की या माणसाचा या गुन्ह्याशी काही संबंध नाही. कोणत्याही नियमात हे लिहिलेलं नाही. पण एकदा एका घरातले म्हातारबा माझं बोलणं ऐकून म्हणाले, "साहेब, जरा आनखी जोरात सांगा. कोपऱ्यावरच्या घराले आयकू नाई गेलं."

मी पुन्हा सांगितलं.