घोंगडीची मोटार

आमच्या थोरल्या जाऊबाईंनी कधी कुणाची परवानगी मागितल्याचं मला आठवत नाही. काम उरकलं की त्या सांगत, आणि तेही कुणी विचारलं तर. "इचारलं की माणसास्नी न्हाय म्हणायला सुचतं. न इचारता केलं की बघत ऱ्हात्यात," असं त्यांचं साधं गणित होतं. माहेर जेऊरकडचं, कोरडवाहू मुलखातलं. सोलापुरात अडत्याच्या घरी थोरली सून होऊन आल्या तरी बोलणं त्यांनी बदललं नाही. मामंजींसमोर डोक्यावर पदर असे, पण मान खाली नसे. घरात सगळे त्यांना थोरल्या बाई म्हणत. मी धाकटी सून, अक्कलकोटची, आणि सासरी आले तेव्हा पुरती भित्री.

थोरल्या दिरांना मोटारीचा भारी नाद. कुणा जहागीरदारानं वापरून टाकलेली, कापडी टपाची एक जुनी मोटार त्यांनी हौसेनं घरी आणली होती. मामंजी तिला डबडं म्हणत, पण आपल्या दारात मोटार आहे हे पेठेत सांगायला विसरत नसत. मग एका उन्हाळ्यात बाईंना माहेराहून घेऊन येताना दिरांच्या छातीत कळ आली. हसनभाई ड्रायव्हरनं जिवाच्या आकांतानं गाडी पळवली, तरी सोलापूर दिसायच्या आतच, मागच्या गादीवर, बाईंच्या मांडीवर त्यांनी प्राण सोडला.

त्यानंतर त्या गाडीला घरातलं कुणी हात लावेना. तिच्यात माणूस गेला, तिला विटाळ झाला, ती अपशकुनी, असं मामंजींनी ठरवून टाकलं. परसात कडुलिंबाखाली ती ढकलून ठेवली गेली. हसनभाईनं दुसरीकडे नोकरी धरली. उंदरांनी गादीचं कातडं कुरतडलं, आतला केसाळ भराव बाहेर लोंबू लागला आणि कोंबड्यांना अंडी घालायला आयती जागा झाली. बाई रोज धुणं वाळत घालायला परसात जात आणि गाडीकडे बघून परत येत. वर्षभर त्या काहीच बोलल्या नाहीत, त्यामुळे मामंजींना वाटलं की विषय मिटला.

तो मिटला नव्हता हे भंगारवाला आला त्या दिवशी कळलं. मामंजींनी त्याला परसात आणलं, तर बाई गाडीत बसलेल्या. कोंबड्या हुसकून, फाटक्या गादीवर मांडी घालून, अडकित्त्यानं सुपारी कातरत. मामंजींनी खाकरून पाहिलं, मग नाव न घेता दोन शब्द सुनावले. बाईंची सुपारी संपेना. विधवा बाई आत बसलेली असताना गाडीला हात कसा लावायचा, म्हणून भंगारवाला घुटमळला, कडुलिंबाखाली चहा पिऊन निघून गेला. तो दिसेनासा झाल्यावर बाई खाली उतरल्या आणि मला म्हणाल्या, "धाकटे, इळा आण."

विळ्यानं त्यांनी सगळं कातडं सोलून काढलं. आतून गंजक्या स्प्रिंगा निघाल्या, त्या रॉकेलात बुडवून घासल्या. भराव होता घोड्याच्या केसांचा. तो उंदरांनी घाण केलेला बघून बाईंनी फेकायला काढला आणि पिंजाऱ्याला बोलावलं. पिंजारी बिचारा लग्नाच्या गाद्या भरणारा. त्याला गादी म्हटल्यावर गादीच समजली. दोघांनी मिळून इतका कापूस ठासला की बसून बघायला गेलेल्या माझ्या नवऱ्याचं डोकं टपाला लागलं आणि पाय अधांतरी राहिले. बाई कमरेवर हात ठेवून बघत होत्या. त्यांनी कापूस उपसला, टाकलेले केस गोळा केले, रिठ्याच्या पाण्यात धुतले आणि गच्चीवर वाळत घातले. काळ्या केसांचे ते ढीग बघून शेजारणींनी करणीची आवई उठवली. बाईंनी ती खोडून काढली नाही. उलट त्यामुळे गच्चीवर डोकवायला कुणी येत नाही, हे त्यांना सोयीचंच वाटलं.

आता गादीवर घालायचं काय, हा प्रश्न होता. नवं कातडं मामंजी दारात येऊ देणार नव्हते. कापड घातलं तर ते लगेच विटाळलं म्हणणार होते. परसाच्या कोपऱ्यात न्हाणीघराला लागून एक अंधारी खोली होती. आम्हा बायकांना कावळा शिवला की चार दिवस तिथे बसायचं. बसायला-निजायला काळ्या घोंगड्या, कारण लोकरीला विटाळ लागत नाही. बाईंच्या माहेरच्या धनगरांनी विणलेल्या, चांगल्या जाड. त्या घोंगड्या बाईंनी एका सकाळी उचलल्या आणि गाडीच्या गादीवर पसरून मापाला लावल्या. मला आधी काही कळेना. कळलं तेव्हा मी तोंडाला पदर लावून न्हाणीघरात पळाले आणि पोटभर हसले.

शिवायचं कधी, हेही त्यांनीच ठरवलं. एरवी स्वयंपाक, दळण, पाहुणे यातून आम्हाला मान वर करायला सवड नसे. पण बाजूला बसलं की कुणी कामाला हात लावू देत नसे. "चार दिस कुणी हाक मारत न्हाय, पाणी आण म्हणत न्हाय. ही सुटी वाया घालवायची व्हय?" असं म्हणून बाईंनी माझ्या हातात दाभण दिलं. मग कधी त्या, कधी मी, जिची पाळी असेल ती कडुलिंबाखाली बसून सुतळीनं घोंगडी शिवी. गादी झाली, पाठ झाली, दरवाज्यांना आतून अस्तर झालं. मामंजी परसाच्या दारापाशी येत आणि विटाळशी बसलेली बघून तिथूनच मागे फिरत. आत काय चाललंय हे त्यांना विचारता येईना. त्यांचाच नियम त्यांच्या आड आला. त्या गाडीचा एकेक टाका आमच्या बाजूला बसायच्या दिवसांत पडलेला आहे, आणि त्याचा मला आजही अभिमान वाटतो.

काम संपल्यावर बाईंनी निरोप धाडला तसा हसनभाई आला. त्यानं दोन-तीन सुट्या घालवून इंजिन चालू केलं. बाईंनी त्याला विचारलं की भीती वाटत नाही ना. तो म्हणाला, "बाई, उस दिन भी मैंच चलाया था. आज भी मैंच चलाताऊँ." इंजिनाच्या आवाजानं मामंजी धावत परसात आले. गाडी उघडून त्यांनी आत पाहिलं आणि ते जे पेटले! या घरातलं कुणी या गाडीत बसणार नाही, हिच्यात माणूस गेलाय, हिला विटाळ आहे, असं ते हसनभाईसमोरच बोलले. माझा नवरा खांबाआड उभा होता, तो तिथेच राहिला.

बाई शांतपणे म्हणाल्या, "मामंजी, ही कोपऱ्यातल्या खोलीतली घोंगडी हाय. हिला विटाळ न्हाय, हे तुमीच आमास्नी सांगितलंय. हिला विटाळ असंल तर आमाला इतकी वर्सं हिच्यावर का बशिवलं? आन् नसंल तर मी हिच्यावर बसून गावातनं जाती."

बाईंचा आवाज तेवढा एकदाच हलला. "माझ्या मालकाची शेवटची जागा हाय ती. तितं मी न्हाय बसायचं, तर कुणी बसायचं?"

त्या बसल्या. मला हाताला धरून शेजारी घेतलं. मधल्या मारुतीच्या देवळावरून, भर बाजारातून, टप खाली पाडून आमची गाडी तळ्याकडे गेली. दुकानांतली माणसं उठून उभी राहिली. मी घाबरून गादीत मावेन तेवढी मावले होते. बाई मात्र ताठ बसल्या होत्या, डोळ्यांतलं पाणी पुसायलाही त्यांनी हात वर केला नाही. लोकांना दिसू दे, असंच त्यांच्या मनात असावं.

मामंजी त्या गाडीत शेवटपर्यंत बसले नाहीत. ते टांग्यातून जात. वाटेत टांगा दिसला की बाई, पुन्हा आमच्याकडे कामाला लागलेल्या हसनभाईला गाडी हळू करायला सांगत आणि अदबीनं विचारत, "मामंजी, येता का?" मामंजी घोड्याकडे बघत. खरं सांगायचं तर ती गादी काही सुखाची नव्हती. सोलापूरच्या उन्हात ती भाजे आणि बारा महिने टोचे. मी तक्रार केली की बाई म्हणत, "टोचू दे की. झोप लागत न्हाय."

घोंगड्या गाडीत गेल्या, त्या खोलीत परत आल्या नाहीत. नव्या आणायचा विषय निघाला की बाई म्हणत, बसायचंच असेल तर गाडीत बसा. मग आम्ही खरोखरच चार दिवस गाडीत बसू लागलो, पुढे एक दिवस, पुढे तोही नाही. खोलीत हसनभाईचे पाने आणि तेलाचे डबे आले.

आता बाई नाहीत. गाडी त्यांच्या मागे फार दिवस टिकली नाही. दाभण माझ्याकडे आहे आणि ते मी कुणाला देत नाही. त्यांची फार आठवण आली की मला माझ्या लेकीचा, शकूचा तो दिवस आठवतो. पोरीला पहिल्यांदाच कावळा शिवला होता. मामंजी थकले होते, तरी त्यांनी दुकानात जाताना हुकूम सोडला, पोरीला खोलीत बसवा. मी केरसुणी घेऊन त्या खोलीच्या दारात उभी, तेलाचे डबे आधी कुठे हलवावेत या विचारात. शकू भिंतीला टेकून रडत होती. बाई आल्या, त्यांनी गाडीचं दार उघडलं आणि म्हणाल्या, "शके, डोळं पूस. हितं बस. आज तुला गाव दाखवती." तिला नवं परकर-पोलकं नेसवून, वेणीत अबोलीचा गजरा माळून त्यांनी टप खाली पाडला आणि मामंजींच्या दुकानावरूनच गाडी नेली. परत आली तेव्हा शकू हसत होती.

संध्याकाळी मामंजींनी मला पुढ्यात बोलावलं. थोरलीनं हे कुणाला विचारून केलं, असा त्यांचा सवाल. सासरी आल्यापासून मी त्यांना उलट उत्तर दिलं नव्हतं. त्या दिवशी पदर डोक्यावर होता, पण मान आपोआप वर झाली.

"कुणालाच नाही," मी म्हटलं. "विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता."