वरच्या तीन पट्ट्या

रसमादी हा आमच्या इंद्रमायू जिल्ह्यातला सगळ्यात चांगला कीबोर्डवाला नव्हे. हे मी त्याच्या तोंडावर कितीदा बोलले आहे, तेव्हा मागे सांगायला हरकत नाही. बोटं जड, ताल पुढे पळायचा, आणि नवरीच्या मामाने एखादं गाणं फर्मावलं की हा आधी कपाळाला आठ्या घालणार. तरी लग्नाला लोक त्यालाच बोलवायचे, कारण त्याच्या जुन्या कीबोर्डात जे आवाज होते ते पंचक्रोशीत दुसऱ्या कुणाकडे नव्हते. कंडांग, म्हणजे आमचा ढोल, त्याने एका म्हाताऱ्या ढोलकऱ्याला समोर बसवून एकेक थाप करून त्यात भरला होता. बासरीही तशीच. आणि अगदी उजव्या टोकाला, वरच्या तीन पट्ट्यांवर, त्याची बायको होती.

आमच्या गाण्यात मध्येच कुणालातरी आरोळी ठोकावी लागते. ती नसली तर पाहुण्यांना गाणं अळणी लागतं. त्याची बायको वर्निती टेम्पे, म्हणजे सोयाबीनच्या वड्या, तळत होती तेव्हा रसमादी माईक घेऊन स्वयंपाकघरात शिरला आणि म्हणाला, "ओरड." ती ओरडली. पहिल्या पट्टीवर "हो-एऽऽ", दुसरीवर "आऽय आय आय", आणि तिसरीवर तिचं हसू. ते हसू भरायचं नव्हतं, पण झालं समजून ती हसली आणि यंत्राने तेही घेतलं. पुढच्याच वर्षी ती अरबांच्या घरी मोलकरीण म्हणून गेली, आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायका जातात तशी. एकदा आली, पुन्हा गेली, ती परत आली नाही. तापाने गेली म्हणे. तिकडेच पुरली. घरी एक कागद आला आणि काही महिन्यांनी एक पिशवी, तिच्यात दोन ओढण्या नि एक कंगवा. फोटो एकच, पासपोर्टचा, त्यात ती घाबरलेली दिसते. म्हणजे वर्निती म्हणावी असं जे काही उरलं होतं ते त्या तीन पट्ट्यांवर.

मी दर्सिनी, त्याच्या कीबोर्डवर बावीस वर्षं गायले. दोन नवरे करून सोडले, हा कीबोर्डवाला मात्र सुटला नाही. खोटं कशाला सांगू, मला त्या हसण्याचा राग यायचा. घसा फोडून मी गायचं आणि टाळ्या पडायच्या त्या बाईच्या आरोळीला. लोक विचारायचे, "ही कोण हो?" आणि हा मान खाली घालून म्हणायचा, "आहे घरातली." आहे म्हणायचा, होती नाही.

त्या यंत्राची एक खोड होती. बंद केलं की भरलेलं सगळं विसरायचं. दर वेळी चालू केल्यावर फ्लॉपी घालायची, दोन मिनिटं ते गुर्र गुर्र करायचं, आणि आवाज परत यायचे. फ्लॉप्या तीन होत्या. आमच्याकडे समुद्राची हवा, दोन फ्लॉप्यांना बुरशी लागली. तिसरी तो तांदळाच्या डब्यात ठेवायचा, कोरडी राहावी म्हणून.

मोलुदच्या, म्हणजे पैगंबरांच्या जन्माच्या, महिन्यात एका दुपारी तो माझ्या दारात येऊन उभा राहिला. चेहरा पांढराफटक.

"दर्सिनी, आज यंत्राने फ्लॉपी पाचव्या खेपेला उचलली. आणि मग आत काहीतरी कट्कन तुटलं. आता फ्लॉपी आत जाते, पण फिरतच नाही."

"पण आवाज आहेत ना?"

"यंत्र चालू आहे तोवर आहेत."

"मग चालू ठेव."

"ठेवलंय. आता मरेपर्यंत बंद करत नाही."

"कोण मरेपर्यंत, तू की ते?"

एरवी तो मला दोन शिव्या देता. त्या दिवशी उंबऱ्यावर बसला आणि रडला. मी त्याला पाणी दिलं. दुसरं काय देणार?

नऊ दिवस ते यंत्र चालू राहिलं. वीज जाते म्हणून त्याने ट्रकची बॅटरी आणि इन्व्हर्टर आणून जोडला. यंत्राच्या बटणावर चिकटपट्टी मारली. भिंतीवरच्या बटणाशी कागद लावला, 'हात लावाल तर हात तोडीन.' दोन लग्नं सोडली, कावीळ झाली म्हणून सांगितलं. पट्ट्यांना तर तो बोटही लावेना. "दाबली आणि त्यानेच बिघडलं तर?" यंत्राशेजारी चटई टाकून पडायचा. मी डबा घेऊन गेले की दोन घास खाऊन डोळे पुन्हा त्या दिव्याकडे.

"कांग, दिवा बघून दिवा राहत नाही," मी म्हटलं. मोठ्या माणसाला आम्ही कांग म्हणतो, दादा म्हणावं तसं.

"तू गप. तुझं काय जातंय?"

शेवटी विविनचा पत्ता मीच काढला. ही जातीबारांग गावची, तिशीची बाई. जुन्या कीबोर्डांतले आवाज आपल्या लॅपटॉपमध्ये उतरवून घ्यायचे आणि नव्या वाजवणाऱ्यांना विकायचे, हा तिचा धंदा. आधी माणसाचा आवाज यंत्रात भरायचे, आता यंत्राचा आवाज दुसऱ्या यंत्रात भरतात. ती म्हणाली, गुरुवारी येते, तोवर यंत्र हलवू नका.

गुरुवारी नऊला ती आली. पाठीवर पिशवी, हातात वायरींचं भेंडोळं. शेजारच्या बायकांनी पोरांना गप केलं, एकीने कोंबड्या टोपलीखाली झाकल्या. विविन हसायला लागली. मला ती यायू म्हणायची, ताई म्हणतात तसं.

"अहो यायू, ओरडू दे त्यांना. आवाज वायरीतून येतो, हवेतून नाही."

तरी कुणी बोलेना. सगळ्या गल्लीला ठाऊक होतं, आत काय अडकलंय ते.

काम असं होतं की एक पट्टी दाबायची, तिचा आवाज पार विरेपर्यंत धरून ठेवायची, मग सोडायची. हीच पट्टी तीनदा, हलकी, मध्यम, जोरात. मग पुढची. सुरुवातीला विविनच्या हेडफोनात घुरघुर यायला लागली. तिने वाकून टेबलाखाली पाहिलं, रसमादीच्या पायाशी कीबोर्डला वीज देणारा त्याचा जुना बोर्ड होता, लाल दिव्याच्या बटणाचा. लॅपटॉपची पिनही तिने त्यातच खोचली. "सगळं एका बोर्डावर आलं की घुरघुर जाते," ती म्हणाली. गेलीही.

मग तिने विचारलं, "कांग, सगळ्यात महत्त्वाचं काय ते आधी घेऊ. जुन्या यंत्राचा भरवसा नाही."

रसमादीने माझ्याकडे पाहिलं. मग पट्ट्यांकडे. मग म्हणाला, "कंडांग."

एकसष्ट वर्षांच्या माणसाला परक्या बाईसमोर सांगायला लाज वाटली की बाई, आधी माझ्या बायकोचं हसू घे. हे मला कळलं. मला तर लाज नव्हती. मी तोंड उघडून सांगू शकत होते, "अगं, वरच्या तीन घे आधी, पाच मिनिटांचं काम आहे." मी तोंड उघडलंही. मग मिटलं. का मिटलं, ते मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे, आणि उत्तर काही चांगलं येत नाही.

"डावीकडून जाऊ मग, ओळीने," विविन म्हणाली.

दुपारपर्यंत कंडांग झाला. जेवायच्या वेळी अजान झाली तेव्हा आम्ही मागे स्वयंपाकघरात होतो, बदकाचा झणझणीत रस्सा केला होता मी. रसमादी नऊ दिवसांनी पोटभर जेवला. मग बासरी सुरू झाली आणि त्याला चेव चढला. नऊ दिवस उपाशी राहिलेली बोटं ती. एक सूर दाबायचा तर चार वाजवून मोकळा व्हायचा.

"कांग, वाजवू नका, दाबा!" विविन ओरडली.

"तीस वर्षं वाजवतोय. आता दाबायला शिकव."

"शिकवते. हा सूर परत. तुमच्या घाईने वाया गेला."

मी हसले. तोही हसला. मला वाटलं, झालं, वाचलो. बासरीच्या पाच पट्ट्या राहिल्या होत्या, आणि वरच्या तीन.

तेवढ्यात असरची, म्हणजे दुपार कलल्यावरची, अजान सुरू झाली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. अजान सुरू झाली की गाणं थांबतं, हे आमच्याकडे तान्ह्या पोरालाही ठाऊक. बाकीचे वाजवणारे नुसता आवाज बारीक करतात. रसमादीही करायचा. पण एका गावात त्याने आवाज बारीक केला, तो बारीक झालाच नव्हता, आणि एका पाहुण्याचं कोपर वरच्या पट्टीवर पडलं. भर अजानमध्ये कर्ण्यांतून वर्निती खो खो हसली. गावाने आम्हाला मांडवातून हाकललं. तेव्हापासून तो धोका घ्यायचा नाही. अजानचा पहिला शब्द कानावर पडला की डाव्या पायाचा अंगठा बोर्डाच्या बटणावर. वीजच बंद. अजान संपली की पुन्हा चालू करायचं, फ्लॉपी घालायची, तोवर पाहुणे चहा पितात. वर्षानुवर्षं असंच. यंत्राच्या बटणावर त्याने चिकटपट्टी मारली होती, भिंतीवर कागद लावला होता. पायाला कोण सांगणार?

टक्.

विविनने कानावरचे हेडफोन काढले, तिला वाटलं वीज गेली. मी त्या लाल दिव्याकडे बघत होते. तो विझला होता. रसमादी दोन्ही हात मांडीवर ठेवून अजान ऐकत बसला होता, शांत, चांगला माणूस बसतो तसा. मग त्याचं लक्ष पायाकडे गेलं.

"मी काय केलं?" तो म्हणाला. हळू, दुसऱ्या कुणाबद्दल विचारावं तसं.

अजान संपेपर्यंत कुणी हललं नाही. आणि आता सांगूनच टाकते, त्या वेळात एक क्षण मला हलकं वाटलं. बावीस वर्षांचा काटा निघाल्यासारखं. एकच क्षण. पुढच्या क्षणी मी त्याचा चेहरा पाहिला आणि मला माझीच शिसारी आली. ती अजून गेलेली नाही.

त्याने बटण दाबलं. यंत्र उठलं, कारखान्यातून आलं तेव्हाचे आवाज घेऊन. त्याने सगळ्यात वरची पट्टी दाबली. टिण्, पियानोचा बारीक सूर. पुन्हा दाबली. टिण्. तो दाबत राहिला. शेवटी विविनने त्याचा हात धरला, वरच्या पट्ट्यांवर काय होतं ते मी तिला सांगितलं, आणि तिलाच रडू फुटलं. "मला सांगायचं होतं ना कांग, मी आधी तेच घेतलं असतं." मी दुसरीकडे बघितलं.

मग जे करता येतं ते सगळं केलं. विविनने ती फ्लॉपी जातीबारांगला नेली, तिच्या ओळखीचा एक जण चेरिबोन शहरात होता त्याच्याकडे नेली, स्पिरिटने पुसून पाहिली. कोरी. मग लोकांच्या फोनवरच्या लग्नाच्या चित्रफिती गोळा केल्या, चाळीसेक. आरोळी प्रत्येकीत होती. पण ती यायची तेव्हा मी गात असायचे. मुद्दामच सूर ताणून धरायचे मी तिथे, तिचं जरा झाकावं म्हणून. विविनने तिच्या यंत्रावर खूप खटपट केली आणि मला म्हणाली, "यायू, ती खाली आहे, पण वर सगळीकडे तुम्हीच आहात. वेगळी निघत नाही."

रसमादी वाजवेनासा झाला. दाढी वाढली. पुढच्या महिन्यात तो माझ्याकडे आला, विविनचा माईक मागून आणला होता. मी अंगणात आंबे सोलत होते.

"तू कर," तो म्हणाला.

"काय करू?"

"तिच्यासारखं. तू इतकी वर्षं ऐकलंस. लहानपणापासून तिला ओळखत होतीस. तुझ्याशिवाय कुणाला येणार?"

"वेडा झालास का रे?"

"हो," तो म्हणाला. "कर."

मी केलं. नाही म्हणायला तोंड होतं कुठे मला? "हो-एऽऽ." त्याने मान हलवली. "शेवटी फुटायचा तिचा." पुन्हा. "एवढा नाही." पुन्हा. तो रोज यायला लागला. सकाळी मी ओरडायचे आणि तो डोळे मिटून नाही नाही म्हणायचा. शेजारणी हसायच्या, मग हसेनाशा झाल्या. मला ते जमत नव्हतं. मनात मला वर्निती लख्ख ऐकू यायची. आवाज शेवटी वर जायचा, वर जाऊन किंचित चिरायचा आणि तिथेच सुटायचा. माझा गळा तिथपर्यंत पोचायचाच नाही, माझा आवाज जड.

बाराव्या की तेराव्या दिवशी माझा घसा पार बसला होता. मी वैतागून कशीबशी एक आरोळी टाकली, खाली पडणारी, खरखरीत, म्हशीला हाकारावं तशी. वर्नितीशी तिचा काही संबंध नव्हता.

रसमादीने डोळे उघडले.

"हेच," तो म्हणाला. "दर्सिनी, हेच. हीच ती."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. थट्टा नव्हती ती. त्याला खरंच तसं वाटत होतं. महिनाभर मनात घोळवून घोळवून त्याच्या कानातली वर्निती झिजून गेली होती, आणि त्याला ते कळलंही नव्हतं.

"हीच ना?" त्याने पुन्हा विचारलं.

"हीच," मी म्हटलं.

विविनने ती आरोळी वरच्या पट्टीवर बसवून दिली. रसमादी पुन्हा लग्नं घेतो. गाण्याच्या मध्ये ती पट्टी दाबतो आणि मान खाली घालून हसतो, आणि पाहुण्यांनी विचारलं तर म्हणतो, आहे घरातली. तिचा आवाज खरा कसा होता हे आता जगात एकट्या मलाच माहीत आहे, आणि तो माझ्या गळ्यातून निघत नाही.