हेडफोन की आयईएम: आईचा निकाल

माझे कान फार तयारीचे आहेत, असं मीच सगळ्यांना सांगत असतो. दुसरं कोणी अजून म्हणालेलं नाही. दिवसभर चिंचोळी एमआयडीसीत बिलं तपासायची आणि संध्याकाळी सोलापुरात घरी येऊन, आईच्या कॉटकडं पाठ करून, कॉम्प्युटरवर हेडफोन आणि आयईएमची तुलना लिहायची, हा माझा नाद. आयईएम म्हणजे गायक स्टेजवर कानात खोल बसवतात ते बुचासारखं यंत्र. इंटरनेटवरच्या एका गटात मी यावर एवढं लिहिलंय की लोक मला सर म्हणतात. बायको मात्र "अहो, ऐकू येतंय का?" एवढंच म्हणते.

आमच्या आईचा टीव्ही गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जायचा. बायको म्हणाली, "आईंना कमी ऐकू येतंय. डॉक्टरांना दाखवा." मी तिलाच वेड्यात काढलं. समोर बसून बोललेला शब्द न् शब्द आईला कळत होता. उभी हयात यंत्रमागाच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरण्यात गेली, तिला मोठ्या आवाजाची सवय असणारच. आणि टीव्हीचा स्पीकर म्हणजे पत्र्याचा डबा! तिला चांगला आवाज मिळाला की प्रश्न मिटेल, असं मी तज्ज्ञ या नात्यानं जाहीर केलं.

दोघांना एकदम ऐकता यावं म्हणून दोन फाट्यांची वायर आणली. रविवारी सकाळी आईला समोर बसवून तिच्या डोक्यावर हेडफोन चढवला, आयईएम मी घातलं आणि भजन लावलं. मी मांडीवर ताल धरला, शब्दही पुटपुटायला लागलो. आईची मान बरोबर समेवर डोलत होती.

"कसा आहे आवाज?"

"लई भारी. पर उकडतंय रं."

सोलापूरचा उन्हाळा, त्यात कानावर फोमच्या गाद्या, उकडणारच. पण मी गटात लिहिलं, हेडफोनचा आवाज ऐसपैस आणि ऊबदार आहे. मग अदलाबदल केली. आयईएम घातल्यावर आई म्हणाली, "ह्ये गुदगुल्या करतंय." वरच्या पट्टीतले बारकावे तिला थेट जाणवले, असा मी अर्थ लावला. कमी पैशात जास्त स्वच्छ आवाज, बाहेरचा गोंगाटही बंद, म्हणजे निकाल आयईएमच्या बाजूनं. खात्रीसाठी पुन्हा एक भजन लावलं. आई पुन्हा डोलायला लागली.

तेवढ्यात बायको चहा घेऊन आली आणि खाली बघून थांबली. आईच्या वायरीची पिन निसटून चादरीवर पडली होती. भजन माझ्या एकट्याच्या कानात चाललं होतं आणि आई समेवर मान हलवत होती.

मी कानावरचं काढलं. "अगं, तुला काही ऐकू येत नव्हतं, मग डोलत कशी होतीस?"

"तुज्या हाताकडं बघून की. तोंडबी हलत हुतं तुजं." तिला त्यात काही विशेष वाटलं नाही. "मागाच्या खडखडाटात कुणाला काय ऐकू येतंय? कारखान्यात आमी समद्या तोंड बघूनच बोलायचो."

"मग सांगायचं नाही का?"

"तू लई खुशीत हुतास."

मी उठून तिच्या मागं गेलो आणि हाक मारली. मग जरा मोठ्यानं मारली. आई चहा फुंकत राहिली. ऐकण्याबद्दल जगाला शहाणपण शिकवणाऱ्या माणसाच्या घरात, त्याच्या पाठीमागच्या कॉटवर, हे चाललेलं होतं.

उद्याच डॉक्टरकडं जायचं ठरलं. पण जित्याची खोड! मी लगेच खुर्चीवर बसून कानाच्या मशिनांची तुलना शोधायला लागलो. कुठलं मशीन स्वच्छ, कुठलं टिकाऊ, हे पडद्याकडं बघत आईला मोठमोठ्यानं समजावत होतो. बराच वेळ तिचा हुंकार आला नाही. मग पाठीवर तिचा हात पडला.

"काय बोलतुयास का? हिकडं तोंड करून बोल की. मला समदं कळतंय."

मी कॉम्प्युटर तसाच ठेवला आणि खुर्ची फिरवली.