बुधवारी घडलेला गुरुवार

नेगेवच्या वाळवंटातल्या आमच्या गावात एल्कानाइतक्या घाईनं भूतकाळ कुणी वापरला नसेल. गावच्या साप्ताहिकात राजकारणाच्या बातम्या तोच लिहायचा. अंक वाटायचे शुक्रवारी, शनिवारच्या शब्बाथच्या सुट्टीआधी; छपाई मात्र बुधवारी. त्यामुळे गुरुवारी जे घडणार, ते हा पठ्ठ्या बुधवारीच घडवून मोकळा. ‘नगराध्यक्षांनी पूल खुला केला.’ ‘मंत्र्यांनी कोनशिला बसवली.’ आणि अंगाशी आलं, की वाक्यातला करणाराच पळून जायचा: ‘विलंब झाला.’ आमच्या हिब्रूत अशा क्रियापदांची सोय भारी, आणि एल्काना त्यातला उस्ताद.

बायको गेल्यापासून दर शुक्रवारी खालच्या मजल्यावरच्या मसोदा मावशीकडून त्याला लाल रश्श्यातले मासे यायचे. यावर गावात कुजबुज होती. ती विझू नये याची काळजी मी घेत असे.

एकदा त्यानं लिहिलं, ‘टेकडीवरचा दवाखाना सुरू झाला.’ आणि गुरुवारी फीत कुणी कापायची यावरून नगराध्यक्ष आणि मंत्री असे भांडले की समारंभच मोडला. रविवारी, म्हणजे आमच्याकडे आठवड्याच्या कामाच्या पहिल्याच दिवशी, मसोदा दुखरा गुडघा ओढत भर उन्हात टेकडी चढली. दाराला कुलूप!

“आजी, कुणी सांगितलं तुम्हाला?” पहारेकऱ्यानं विचारलं. तिनं पिशवीतून पेपर काढून दाखवला. तो पोट धरून हसला म्हणे.

पुढच्या अंकात एका कोपऱ्यात छापून आलं: ‘दवाखान्याच्या बातमीत चूक झाली.’ त्या शुक्रवारी मासे आले नाहीत.

एल्काना तिचं दार चुकवायला चपला हातात घेऊन जिना उतरू लागला. पुढच्या शुक्रवारी मात्र तिच्या दारात येऊन उभा राहिला. आत शेजारणी होत्या, कॉफीच्या निमित्तानं मीही.

“मावशी, चूक झाली.”

“वाचलं पेपरात. पावसासारखी आपोआप झाली का रे?”

त्याचे कान लाल झाले. “मी केली. जागेवर न जाता लिहिलं. नेहमीच तसं लिहितो.”

“आणि माझा गुडघा?”

“तोही मीच दुखवला.”

कुणी हसलं नाही. मलासुद्धा काही चावट सुचेना.

मसोदानं पातेल्यावर झाकण दाबून ठेवलं. “मासे संपले. रस्सा आहे, पाव बुडवून खा.”

मासे होते, मी पाहिले होते. एल्कानानंही पाहिले असावेत. तो उभ्याउभ्याच पाव खात राहिला. मान काही वर आली नाही.