पोपटानं चोच मारलेला पेरू

२०२३ साल. मी एकूणसत्तर वर्षांचा. पुतण्याच्या बंगल्यात त्याच्या लेकीचा, ओवीचा तिसरा वाढदिवस. हॉलभर पाहुणे, अन् ओवी कोपऱ्यात डब्याचं झाकण गरागरा फिरवत बसलेली. मागून हाक मारली, "ओवी!" मान वळली न्हाय. चॉकलेटचा कागद वाजवला, तशी झटक्यात वळली. म्हंजे कान शाबूत. पण डोळ्यात बघणं न्हाय, बोलणं न्हाय, साधं बोट दाखवणं न्हाय.

माझी लेक मंगल लहानपणी अशीच होती.

तेवढ्यात पुतण्याच्या सासूबाई बशीत पेरू घेऊन आल्या. पोपटानं चोच मारलेला. पोर उशिरा बोलायला लागलं की आमच्याकडं तसला पेरू चारतात.

मी म्हणालो, "थांबा. असले पेरू मी मंगलला दोन वर्षं चारले. पोरीला डॉक्टरला दाखवा. लवकर."



पुतण्या इंजिनियर. म्हणाला, "तात्या, तुम्ही चौथी नापास. चादरीचा माग चालवला जन्मभर. आता डॉक्टरकी का?"

लोक हसले.

सासूबाई म्हणाल्या, "स्वतःचं वेडं निघालं, की दुसऱ्याचं हसतंखेळतं बघवत नाही काहींना." मग कामवाल्या बाईला, "यांचं ताट बाहेर लाव गं. केक कापताना नजर नको."

ताट बाहेर आलं. चपलांच्या शेजारी.

कारखान्यात मालकाच्या शिव्या खाल्ल्या, मान खाली घालून. पण या ताटातला घास घेतला न्हाय. उचललं, आत नेलं, केकशेजारी ठेवलं. "बोललो ते माघारी घेत न्हाय," म्हणालो अन् निघालो.

घरी मंगल दाराच्या कडीशी खेळत बसलेली. चाळीस वर्षांची माझी लेक. आई गेली तिची. वेणी मीच घालतो. मी गेल्यावर कोण घालणार, ठाऊक न्हाय.

ती तीन वर्षांची असताना अंगणवाडीच्या बाई सांगायला आल्या होत्या. पोरीला दाखवा म्हणून. "तू काय डॉक्टरीण हायेस का?" असं म्हणून मीच त्यांना दारातनं हाकललं. चार माणसांसमोर. त्या परत आल्या न्हाईत. तिथंच मंगलची वेळ हुकली. तिथंच माझं चुकलं.

ओवीला अजून तीनच वर्षं झाल्यात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंगलची वेणी घातली. तिचा हात धरून बंगल्यावर गेलो. बेल वाजवली. आतनं पुतण्या म्हणाला, "तात्या, तमाशा नको. जा."

दार उघडलं न्हाय.

काल ताट ठेवलं होतं त्या जागी, चपला बाजूला सारून, आमी बापलेक बसलो. मी दाराकडं तोंड करून म्हणालो, "ओवीला दवाखान्यात ने. तवर उठत न्हाय."