याला घड्याळ कोण देतं?

नवा सर्किट बोर्ड टेबलावर आला की बाकीचे आधी तो सुरू होतो का ते बघायचे. मॅडम मात्र सर्किटचा आराखडा पसरून बसायच्या आणि एकेका चिपवर पेनाचं टोक ठेवून विचारायच्या, "याला घड्याळ कोण देतं?" निघोज्याच्या आमच्या छोट्या कंपनीत पाठीमागे त्यांना सगळे 'घड्याळवाल्या' म्हणत. त्यांना ते माहीत होतं.

मी तिथे शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट करायला गेलो होतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मीच पहिला. काही विचारायची भीती वाटे. घड्याळ म्हणजे वेळ दाखवणारं, एवढंच मला माहीत. मॅडम हसल्या नाहीत. "हे नुसते ठोके देतं. ठोके थांबले की चिप थांबली. कोणती चिप कोणत्या घड्याळावर चालते, हे आपण कर्नलला, म्हणजे बोर्ड चालवणाऱ्या मूळ प्रोग्रॅमला, लिहून द्यायचं. नाही दिलं तर त्याला वाटतं, हे घड्याळ कुणालाच नकोय. मग वीज वाचवायला तो ते बंद करतो. त्याचं काय चुकलं?"

तेव्हा टेबलावर असलेल्या बोर्डाचं तेच झालं. सुरू झाल्यावर थोड्याच वेळात सेन्सर गप्प. मॅडमना सगळ्या घड्याळांचं वर्णन लिहायला आठवडा हवा होता, आणि गिऱ्हाईक घाईत. साहेबांनी दुसऱ्या एकाकडून बोर्ड सुरू होताना कर्नलला मिळणाऱ्या आज्ञेत भर घालून घेतली, की कुठलंच घड्याळ बंद करायचं नाही. सेन्सर चालू लागला.

"चाललं ना मॅडम? मग कशाला कीस पाडताय?"

"साहेब, घरातले सगळे नळ सोडून ठेवले की पाणी येणारच. पेटीत बंद केल्यावर तापेल हे."

"तुमचं सोवळं काही सुटत नाही."

बोर्ड गेले आणि उन्हाळ्यात तापून परत आले. घड्याळांचं वर्णन लिहायच्या प्रोग्रॅमच्या फाइलीत वर मॅडमचं नाव होतं. गिऱ्हाइकाला साहेबांनी तेवढंच दाखवलं. मॅडमनी राजीनामा दिला, म्हणजे त्यांना द्यावा लागला. जायच्या आधी त्यांनी राहिलेलं वर्णन पूर्ण केलं. मी म्हटलं, "आता कशाला, मॅडम?"

"अर्धवट टाकलं तर घरी जाताना सांगवीपर्यंत बसमध्ये डुलकी लागायची नाही मला."

त्याच वर्णनावर आता बोर्ड गार चालतात. मला तिथेच नोकरी लागली, आईने गल्लीत पेढे वाटले. रुजू झाल्यावर मी ती फाइल उघडली. मॅडमचं नाव काढून तिथे कंपनीचं घातलं होतं. साहेबांना भीत भीत विचारलं, तर म्हणाले, "पॉलिसी असते, भावा. काम कर."

मी मॅडमना फोन केला. त्यांना अजून कुठे नोकरी मिळाली नव्हती. बोर्ड चांगले चालतात, एवढंच सांगायचं ठरवलं होतं.

"तापत नाहीत ना?" त्यांचा आवाज एकदम मोकळा झाला. "मग आता फाइलीत वर माझं नाव बघून साहेब काय म्हणाले?"

"काही म्हणाले नाहीत, मॅडम."

"म्हणायचेच नाहीत ते," त्या म्हणाल्या आणि कितीतरी वेळ हसत राहिल्या.