उजव्या हाताची शिशी

"फंगल इन्फेक्शन," डॉक्टर म्हणाले. म्हणजे नखांत बुरशी. माझ्या अंगठ्याचं नख खरवडून त्यांनी ते यंत्रातून पाहिलं आणि एवढंच बोलले.

मी नागऱ्याजवळच्या एका गावची सुईण. तेव्हा स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. रोवणीत, म्हणजे भाताच्या लावणीत, चिखलात राहून नखं आधी पिवळी पडली, मग जाड, भुसभुशीत झाली. असल्या हाताला बाळंतिणीजवळ कोण येऊ देणार? दोन घरांनी तोंडावर सांगितलं, "बाई, तू नको येऊस."

गोंदियाच्या दवाखान्यातले हे डॉक्टर झाडपाल्याचे अर्क तपासत होते. त्यांनी तरोट्याच्या, म्हणजे टाकळ्याच्या, पानांचा अर्क दाखवला आणि मला दोन शिश्या दिल्या. डाव्या हाताची वेगळी, उजव्याची वेगळी. "अदलाबदल करू नका," असं बजावलं. मला वाटलं, दोन औषधं आहेत.

दर मंगळवारी पायी जायचं, बाकावर बसायचं. ते पट्टीनं नख मोजायचे, वहीत लिहायचे. माझ्याशी बोलायचे नाहीत.

चौथ्या महिन्यात डाव्या हाताची नखं मुळापासून गुलाबी येऊ लागली. उजव्या अंगठ्याचं मात्र सुटून पडलं. मी कंपाउंडरला विचारलं. तो सहज म्हणाला, "बाई, उस शीशी में तो रंगीन पानी है. फरक देखने के लिए."

मी तशीच डॉक्टरांपुढे गेले. "साहेब, हा माह्या कामाचा हात हाय. याले पाणी काऊन देल्लं?"

"आधी सांगितलं असतं तर तुम्ही लावलंच नसतं. मग औषधाचा गुण कसा कळणार?"

"मले इचारलं असतं, तं डावा हात देल्ला असता पाण्याले."

त्यांनी कपाट उघडलं. मग खरी शिशी दिली.

उजवा हात बरा व्हायला पुढे सात-आठ महिने लागले. अर्क गुणाचा होता, ते नाकारणार नाही. पण तुमच्यावर अशी वेळ आली तर शिशीत काय आहे ते विचारा. डॉक्टर चिडले तरी विचारा.

हात बरा झाला त्याच साली माझ्या सख्ख्या भाचीला कळा सुरू झाल्या. बहिणीनं शेजारच्या गावातून दुसऱ्या सुइणीला गाडी पाठवून आणवलं. मी अंगणात बसून होते. दहाही नखं स्वच्छ होती. ती पाहायला कुणी आलं नाही.